आमच्या व्याह्यांची पंगत

एखादा माणूस एकटा जेवताना दिसला की ज्याला चैन पडत नाही, असा इसम साऱ्या पिंपरी-चिंचवडमध्ये एकच असेल, आणि तो आमच्या वाट्याला व्याही म्हणून आला. मुलाच्या साखरपुड्याला पानं वाढून झाली, उदबत्त्या लागल्या, आम्ही वरपक्षाची मंडळी मांड्या घालून ताटकळलो, आणि मुलीचे वडीलच गायब! ते बाहेर गाड्यांत बसलेल्या ड्रायव्हरांना गोळा करत होते. "गाडी काय पळून जात न्हाई, चला आत," म्हणत त्यांनी सगळ्यांना आणून माझ्या शेजारीच बसवलं. माझ्या थोरल्या भावाची भुवई जी चढली, ती जिलबी येईपर्यंत उतरली नाही.

चाकणच्या एका कंपनीत त्यांनी उभी हयात काढली. मशीनपेक्षा कँटीनमध्ये त्यांचा दरारा जास्त. कोपऱ्यात मोबाइल बघत जेवणारा कुणी दिसला की हे त्याचं ताट उचलून सरळ आपल्या टेबलावर आणत. ताटामागे माणूस येतोच, हा त्यांचा अनुभव. एकदा नव्याने आलेल्या मोठ्या साहेबांचंही ताट असंच उचललं गेलं. साहेब बिचारे हातात चमचा घेऊन मागोमाग आले आणि बदली होईपर्यंत त्याच टेबलावर जेवले. "घास खाली उतरायला पाणी न्हाई, समोर माणूस लागतो," असं व्याह्यांचं म्हणणं. पिशवीत कायम चाकणचा कांदा. तो सुरीने चिरायचा नाही. बुक्कीने फोडायचा आणि पाकळ्या सगळ्यांना वाटायच्या.

असा हा माणूस आमच्याकडे मात्र कधी जेवला नाही. लेकीच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्या घरची जुनी रीत. पिंपळे गुरवहून चिंचवडला आमच्याकडे येताना ते पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची आणत. आम्ही हसायचो. पुढे ते निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत विहीणबाई गेल्या. मग आमचं हसू आटलं. जगाला पंगतीला बसवणारा हा माणूस आता ओट्यापाशी उभ्यानेच चार घास गिळतो, असं त्यांच्या शेजारणीने सुनेला सांगितलं. सून फोन करून बोलवायची. ते यायचे, गप्पा मारायचे, आणि पानं घ्यायची वेळ झाली की उठायचे. "माझं झालंय जेवून." बाप दिवसेंदिवस वाळत चालला होता, आणि लेकीच्या हातात भरलेली वाटी तशीच राहायची.

म्हणून मुलाने आम्हा नवरा-बायकोबरोबर त्यांनाही चेन्नईहून अंदमानला जाणाऱ्या जहाजावर धाडलं. निदान तिथे तरी चार माणसांत बसून जेवतील! "बोट काय लेकीच्या नावावर न्हाई," असा हिशेब करून तेही तयार झाले. जहाजावर त्यांना रानच मोकळं मिळालं. एकट्या बसलेल्या तमिळ आजीबाई, एक गोरा म्हातारा, एक दाढीवाले बंगाली प्रोफेसर, सगळ्यांची ताटं आमच्या टेबलावर आली. कुणाची भाषा कुणाला कळत नव्हती. यांनी त्या चकचकीत टेबलावर कांद्याला बुक्की हाणली तेव्हा वेटर धावत आला. दुसऱ्या दिवशी तोच वेटर हळूच कांदा मागायला आला.

मग ते बेट आलं. जुना तुरुंग पाहायला जहाजावरचे सगळेच गेलो. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैद्याचा चेहरा दिसू नये, असं गाइड समजावून सांगत होता. बाकीचे फोटो काढत होते. व्याह्यांनी विचारलं, "आन् जेवायचे कुठं?"

"एकांतवासातले आपापल्या कोठडीतच. एकेकटे."

जहाजाकडे परतणाऱ्या बसमध्ये माणसं मोजली तर एक कमी. मी धावत तुरुंगात परतलो आणि जिना चढून वर गेलो. एका कोठडीत ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी ते असेच उभे राहत असणार, असं माझ्या मनात आलं.

"व्याही, बस सुटतेय."

"पाव्हणं, ह्यांना सरकारनं कोंडलं हुतं," ते वळून म्हणाले. "मला कुणी कोंडलंय?"

मी त्यांचा हात धरला. अर्धा जिना उतरल्यावर तेच थांबले.

"रविवारी तुमच्याकडं काय असतंय जेवायला?"

"तुम्ही म्हणाल ते."

"पिठलं करायला सांगा पोरीला. तिच्या आईवानी."

परतल्यावर पहिल्याच रविवारी ते आले. हातात बाटली नव्हती, हे सगळ्यात आधी सुनेच्या लक्षात आलं. तिने पाणी दिलं, त्यांनी तांब्या रिकामा केला. सून रडली, मग हसली, मग पिठलं खाली लागलं म्हणून पुन्हा रडली. व्याह्यांनी ते लागलेलं पिठलं दोनदा मागून घेतलं.

आता दर रविवारी आमच्याकडे कांद्यावर बुक्की पडते आणि सगळ्यांना पाकळ्या मिळतात. एक पाकळी मात्र ते आपल्या ताटाच्या कडेला ठेवतात आणि तिला हात लावत नाहीत. कुणासाठी, हे आम्ही कुणी विचारत नाही. ताटं उचलताना सून ती पाकळी टाकून देत नाही. स्वयंपाकघरात नेऊन हळूच स्वतः खाते.