घासलेला तांब्या

पहिले पाच आठवडे मला ब्रश हातात मिळाला नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर मोठ्या हौसेनं टी. नगरच्या बाजारात जाऊन तैलरंग, कॅनव्हास, जवसाचं तेल असं सगळं सामान आणलं होतं. ते कपाटात पडून होतं आणि मी दर मंगळवारी पेरुंगुडीच्या घरून गिंडीला शिकवणीला जाऊन एका छापील चित्रासमोर नुसती बसत होते. माझ्यासारख्या तापट बाईला ही शिक्षाच होती.

शिकवणाऱ्या अक्का ऐंशीच्या घरातल्या. तंजावरकडच्या मराठी कुटुंबातल्या, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. लहान कारखान्यांच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, त्यामुळे लेथचा आवाज दिवसभर सोबतीला. भिंतीवर टाचण्यांनी लावलेलं ते चित्र हॉलंडच्या कुणा जुन्या चित्रकाराचं होतं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. टेबलावर चुरगळलेलं पांढरं कापड, कथलाचा एक जग आणि अर्धं सोललेलं लिंबू. बस्स. अक्का स्वतः याच चित्रावर शिकल्या होत्या.

"आज काय दिसलें?" त्या विचारायच्या.

"लिंबू."

"तें मलाही दिसतें मा. जगांत काय दिसतें, तें सांग."

मला काहीच दिसत नव्हतं आणि रागही यायचा. मग एका मंगळवारी जगाच्या फुगीर पोटावर पिवळा डाग दिसला. लिंबाची सावली नव्हे, लिंबाचा उजेड. त्यानंतर मात्र मला त्या चित्रकाराचं वेडच लागलं. पांढऱ्या कापडात पांढरा रंग जवळपास नव्हताच. राखी होता, निळसर होता, मातकट होता, आणि शुद्ध पांढरा फक्त एका घडीवर, नखाएवढा. एवढं मोठं कापड रंगवताना तो रंग शेवटपर्यंत राखून ठेवायला केवढा धीर लागला असेल. मी तर नवीन ट्यूब उघडली की आधी पिळून मोकळी होते. लिंबाची साल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती आणि ती आत्ता घसरेल असं मला दरवेळी वाटायचं. साडेतीनशे वर्षं ती घसरली नव्हती.

ब्रश मिळाल्यावर मी ते लिंबू पंधरा-वीस वेळा तरी काढलं असेल. घरी खरी लिंबंही सोलून ठेवायची. पंख्याखाली ती तासाभरात सुकतात, म्हणून पंखा बंद करून घामाघूम होत रंगवायचं. कामावरून बाद झालेल्या लिंबांचं लोणचं एवढं झालं की मजल्यावरच्या चारही घरांत पोचलं.

यातल्या एकाही चित्रावर मला सही करता आली नाही. अक्कांचा नियमच होता. "ज्याचें पाहून काढलें, त्याचें तें. तुझें होईल तेव्हां मी सांगते. अप्पुरम सही." अप्पुरम म्हणजे मग, नंतर. माझ्या बाबतीत तो नंतर काही उगवत नव्हता.

दोन वर्षांनी अक्कांनी सांगितलं की पोंगल झाला की त्या कोइंबतूरला मुलाकडे जाणार, कायमच्या. मी घरी आले आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. त्या जातील याचं वाईट वाटत होतंच, पण खरं सांगायचं तर मला ती सही हवी होती. त्यांच्या तोंडून, त्या इथे असताना.

म्हणून मी माझी स्वतःची मांडणी केली. आमचा पितळी तांब्या, वापरून काळवंडलेला, काठाला पोचा आलेला. शेजारी सोललेलं लिंबू, खाली पांढरा पंचा. तांब्याचा तो मंद तपकिरी रंग मला चांगला जमत होता, कारण भिंतीवरच्या जगाची चमकही तशीच दबलेली होती. तीन आठवडे मी त्यावर घालवले. पुढच्या मंगळवारी अक्कांना दाखवायचं होतं.

शुक्रवारी सकाळी देवाची समई, निरांजन, ताम्हण चिंच लावून घासायला घेतलं. हे मी लग्नापासून करत आले आहे. हात आपोआप चालतात आणि डोकं भलतीकडेच असतं. सगळं धुऊन, पुसून उपडं घातलं तेव्हा पाहिलं, ओळीत शेवटी तांब्याही होता. सोन्यासारखा लखलखत होता.

कुणावर ओरडावं? घरात मी एकटीच होते. स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या, तांब्या पिशवीत कोंबला आणि रिक्षा करून थेट गिंडीला गेले.

अक्कांनी तांब्या हातात घेऊन फिरवला. "बरा घासलायस," म्हणाल्या.

"अक्का, तो काळा होईपर्यंत तुम्ही इथे नसाल."

"मग जसा आहे तसा काढ. त्याच्या जगासारखा नक्को आतां. त्याच्याकडे हा नव्हता."

घरी येऊन मी कॅनव्हासवरचा तांब्या सुरीनं खरवडून काढला. तीन आठवड्यांची मेहनत कागदावर पुसून टाकली. घासलेल्या तांब्यात खोलीतलं सगळं शिरलं होतं: खिडकीचे गज, छताचा पंखा, पंच्याचा पांढरा पट्टा, आणि मधोमध निळ्या साडीतली एक बुटकी, फुगलेली बाई. आता कसं करावं हे सांगायला अक्कांच्या भिंतीवरही काही नव्हतं. जे दिसलं ते लावत गेले.

पोंगलनंतर ओलंच चित्र हातात धरून गेले. अक्कांचं सामान बांधून झालं होतं. भिंतीवरचं चित्रही उतरवलं होतं. त्यांनी माझा कॅनव्हास खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे अगदी जवळ आणून पाहिलं. बराच वेळ.

"लिंबू त्याचें," त्या म्हणाल्या.

खरंच होतं ते. साल तशीच लोंबत होती, कडेवरून तेवढीच.

मग त्यांनी तांब्याकडे बोट केलं. "हा तुझा. सेरी, बरें, घाल सही."

तेहेतीस वर्षं बँकेत मी दिवसाला शंभर सह्या न बघता केल्या. ही एक मी अक्षर अक्षर बघून केली, आणि ती होईपर्यंत अक्कांनी कॅनव्हास दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. सही मी तांब्याच्या बाजूला केली.