चपलेत अडकलेलं लक्ष

बाबांनी महिन्याभरात दुसऱ्यांदा दूध करपवलं आणि माझं डोकंच फिरलं. आई गेल्यापासून ते विक्रोळीला एकटे राहतात, मी मुलुंडला. शेजारच्या काकूंचा फोन आला, घरभर धूर झालाय म्हणून. धावत गेले, तर बाबा काळंकुट्ट पातेलं घासत बसलेले.

"मॅच चालू होती गं," म्हणाले.

"मॅच नाही बाबा, विसरायला लागलात तुम्ही. डॉक्टरला दाखवू. डॉक्टरही तसंच म्हणाली, तर इथं कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं. बस्स!"

ते पातेलं घासत राहिले. त्या खोलीबाहेर त्यांना दोन दिवस करमत नाही, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण खोली मोठी की जीव मोठा?

दवाखान्याच्या दारात 'चपला बाहेर काढा' अशी पाटी होती. बाबांनी आदल्याच आठवड्यात चामड्याची नवी चप्पल घेतलेली. ती कुंडीच्या मागे सरकवली, दोनदा मागे वळून पाहिलं, मग आत आले.

डॉक्टर तरुण होती, बोलायला गोड. "आजोबा, तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा हं. लिंबू, खिडकी, घोडा. थोड्या वेळानं विचारीन." मग तिनं त्यांना कागदावर घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी बाजूला जीव मुठीत धरून बसले होते. "आता सांगा बघू ते तीन शब्द."

बाबांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माका नाय आठवत," म्हणाले. बाबा घाबरले की मालवणीत शिरतात. एकही शब्द आला नाही. एवढ्यावरून काही ठरत नाही, रक्त तपासून पंधरा दिवसांनी या, असं डॉक्टर समजावत होती. मी कुठली ऐकतेय!

बाहेर येताच मी हात पुढे केला. "चावी द्या बाबा." त्यांनी शर्टाच्या खिशातून काळ्या दोरीची चावी काढली आणि निमूटपणे माझ्या हातावर ठेवली. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं. मला रडू फुटत होतं, म्हणून मी जास्तच तडकले. "चला पटापट!" म्हणत चावी पर्समध्ये कोंबली आणि त्यांना मुलुंडला घेऊन निघाले.

माझ्या घराजवळच्या मार्केटात ते एका भाजीवालीपाशी थांबले आणि चार लिंबं घेतली.

"अहो, घरी टोपलीभर पडलीत! कशाला घेतलीत?"

"काय माहीत. घ्यावीशी वाटली."

बाबा म्हणजे कोकमावर वाढलेला माणूस. उभ्या जन्मात स्वतःहून लिंबू घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. मी चार पावलं पुढे गेले आणि थबकले. अगं बाई, लिंबू! डॉक्टरचा पहिला शब्द. हाक मारली तेव्हा आला नव्हता, पण आत कुठंतरी बसून होता तर.

"बाबा, ती शब्द सांगत होती तेव्हा लक्ष कुठं होतं तुमचं?"

"चपलेत," ते ताडकन म्हणाले. "देवळातून एक जोड गेलाय माझा. बाहेर आठ जोड होते. एका लाल चपलेला सेफ्टी पिन लावलेली. तुझी एक उलटी पडली होती. म्हटलं, आज आपलं भांडण होणार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि गंमत म्हणजे, लिंबू आणि घोडा मला आठवत होते, मधला शब्द काही केल्या आठवेना. डोकं शाबूत असलेली मी! मी सगळा वेळ बाबांच्या तोंडाकडे बघत होते.

पुढल्या खेपेला नवी चप्पल पिशवीत घालून बाबांच्या मांडीवर ठेवली. डॉक्टरला लिंबांची गोष्ट सांगितली तर ती हसली. "लक्ष नसताना कानावर पडलेलं, मागितलं की सापडत नाही. कधी कधी मात्र ते आपल्या नकळत काम करतं. पण चार लिंबांवर मी काही लिहून देणार नाही हं." तिनं नवे शब्द दिले. दोन लगेच आले, तिसरा डोकं खाजवून. घड्याळाचा एक काटा जरा चुकला. रक्ताचे रिपोर्ट ठीक होते.

"वयाच्या मानानं छान आहे. राहू द्या त्यांना त्यांच्या घरी. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. आणि आजोबा, दूध ठेवलं की टीव्ही बंद."

"मॅच असली तर?"

"तर कोरा चहा."

मला इतकं हलकं वाटलं की बाहेर येताच चावी द्यायला पर्स उघडली. पुढच्या कप्प्यात नाही. मोबाईलच्या कप्प्यात नाही. बाकड्यावर सगळी पर्स उपडी केली. कंगवा, गोळ्या, रुमाल, चावीचा पत्ता नाही. त्या दिवशी कुठं टाकली, काही म्हणजे काही आठवेना.

"हरवली वाटतं बाबा," मी रडवेली होऊन म्हटलं.

बाबा वाकून चप्पल घालत होते. मानही वर न करता म्हणाले, "आतल्या चेनच्या कप्प्यात बघ, जुन्या पावत्या कोंबतेस तिथं. टाकलीस तेव्हाच बघून ठेवलं होतं मी."

तिथंच होती.