कासरा सुटला नव्हता

आमच्या गावच्या शाळेने मागल्या वर्षी एक स्मरणिका काढली. तीत माझ्याविषयी चार ओळी आहेत आणि त्यांतल्या तीन चुकीच्या आहेत. मी शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीत, नावाजलेला धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, होतो, ही एक ओळ खरी. पुढे लिहिले आहे की पहिला मोठा पट जिंकताना माझ्या हातून कासरा सुटला होता आणि बैल आपल्या बुद्धीने धावत गेले. लिहिणाऱ्याचा जन्म त्या पटानंतर कितीतरी वर्षांनी झाला. त्याने ज्यांच्याकडून ऐकले, ते शर्यतीच्या मध्यावर धुळीत उभे होते. धुळीतून दिसलेल्या गोष्टीला मी पुरावा मानत नाही. छकड्यावर मी एकटा होतो. तेव्हा मीच सांगतो.

माझी सुरुवात पटाच्या छकड्यापासून झालीच नाही. पोंभुर्ण्याच्या बाजूला आमचे गाव. भोवती धानाची बांधी आणि बांधी संपली की जंगल. वडिलांचे थोरले भाऊ लवकर गेले. त्यांच्या माघारी मोठ्या आईने, म्हणजे माझ्या काकूने, घरच्याच गाईचे दोन गोऱ्हे वाढवले. त्यांना जुवाची सवय व्हावी म्हणून गावच्या सुताराने सागाच्या उरलेल्या तुकड्यांची एक गाडी करून दिली. तिची चाके माझ्या गुडघ्याएवढी होती. मोठा माणूस बसला तर ती मोडली असती, म्हणून नऊ वर्षांचा, काडीसारखा मी तिच्यावर बसलो.

गोऱ्ह्यांची नाके अजून टोचलेली नव्हती. वेसण नसली की कासऱ्याला अर्थ राहत नाही. ओढला तर ते नुसती मान झटकत. दोनदा त्यांनी मला बोरीत नेऊन टाकले. मग मी पायांनी हाकायला शिकलो. उजव्याच्या मांडीला अंगठा लावला की तो अर्धे पाऊल पुढे सरतो आणि जोडी डावीकडे वळते. डाव्याला लावला की उजवीकडे. यात वेग तसूभरही कमी होत नाही. हे मला कोणी शिकवले नाही. गावातले एक गृहस्थ आजही सांगतात की ते त्यांनी शिकवले, आणि स्मरणिकेतली दुसरी चुकीची ओळ तीच. त्यांना बैलाचा पुढचा पाय आणि मागचा पाय यांतला फरक कळत असे, एवढे मी मान्य करतो.

गोऱ्हे बैल झाले आणि मी एकोणिसाचा झालो. रोज संध्याकाळी मी जोडी नाल्यापर्यंत हळू नेत असे. इकडे मोठी आई अंगणात सुपात जवसाची ढेप, म्हणजे पेंड, घेऊन उभी राही आणि तळहाताने सूप वाजवी. तो आवाज कानी पडला की बैल वाऱ्यासारखे घराकडे सुटत. पटासाठी आमची तयारी म्हणतात ती एवढीच. आम्ही बैलांना मोहाची दारू पाजत होतो, ही स्मरणिकेतली तिसरी थाप.

वडिलांना हा नाद पसंत नव्हता. धान कापून झाल्यावर ते एक दिवस म्हणाले, "बल्लारपूरले कागदाच्या कारखान्यात माणसं घेऊन राह्यले. मी बोलून ठेवलं हाय. या हिवाळ्यात एक तरी पट आण, नाईतर पेटी भर."

"अन् जोडी?" मी विचारले.

"जोडी नांगर ओढन. तिले काऊन धुरकरी पाह्यजे?"

मोठी आई चुलीपासून बोलली, "भाऊजी, तुमी पटात कधी बसले का? बैलगाडीत बसलं तरी तुमाले ओकारी येते."

वडिलांनी शब्द मागे घेतला नाही. म्हणून चिमूरकडच्या त्या पटाला मी निघालो तेव्हा माझ्यापुढे एकच प्रश्न होता: कासरा हाती राहतो की कारखान्याची पाळी येते.

त्या गावची एक रीत होती. दोन जोड्या शेजारशेजारच्या वाटांनी धावत, त्यांतल्या लांबून आलेल्या जोडीला मान म्हणून उजवी वाट देत. पहिल्या तिन्ही फेऱ्यांत आमच्यासमोर जवळपासच्या जोड्या होत्या, म्हणून उजवी वाट आम्हांला मिळाली. मोठी आई शेवटच्या टोकाला, उजव्या अंगाच्या रांगेत सूप घेऊन उभी होती. बायामाणसांनी तिथे उभे राहू नये, असे दोघे-तिघे कुरकुरले. ती म्हणाली, "बैल माहे हायेत. तुमचे असते तं तुमी उभे राह्यले असते." तिन्ही फेऱ्या आम्ही जिंकलो.

शेवटच्या फेरीत समोर आली ती पार सिरोंच्याकडची जोडी. ती आमच्याहून लांबची, तेव्हा उजवी वाट तिला गेली. आम्ही डावीकडे. पंच, मी आणि रीत पाळणारे ते सारे सभ्य लोक यांतल्या एकालाही सुचले नाही की टोकाशी उभ्या असलेल्या बाईला हे कळवायला हवे. ती आपली उजवीकडेच उभी.

झेंडी पडली. निम्मी वाट सरळ गेली. मग सूप वाजले आणि माझे दोन्ही बैल उजवीकडे खेचू लागले. मधली रेघ ओलांडली की जोडी बाद. डावा कासरा ओढला असता तर जोडी सरळ झाली असती, पण वेग तुटला असता, आणि सिरोंच्याची जोडी नाकाला नाक लावून होती. मी कासरा सैल सोडला. सोडला, सुटला नाही. सारे वजन डाव्या बाजूला टाकले आणि उजव्याच्या मांडीला अंगठा लावून ठेवला. त्याने ते अर्धे पाऊल टाकले, गोऱ्हा असताना टाकत असे तसेच. रेघ चाकाला लागून राहिली, चाकाखाली आली नाही. आम्ही मानेच्या अंतराने पुढे होतो.

परतल्यावर वडील अंगणात उभे होते. जोडीच्या अंगावर तुतारीचा, म्हणजे टोचायच्या काठीचा, एकही डाग नाही, हे त्यांनी फिरून पाहिले. पेटीचे नाव त्यांनी काढले नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्याला निरोप गेला, तो माझ्या धाकट्या भावासाठी. त्याने ती नोकरी आनंदाने केली आणि सुट्टी काढून माझे पट पाहिले.

पुढे अकरा हिवाळे मी पट हाकले. हरलोही, पण ते स्मरणिकेत नाही, म्हणून वादही नाही.

एकच वाद बाकी राहिला, आणि तो घरातला. मी अंगठ्याची गोष्ट कोणाला सांगू लागलो की मोठी आई मधेच म्हणे, "बैल तुह्या अंगठ्याले पाहून धावले का रे? त्यायच्या डोळ्यासमोर मी होती."

"तू चुकीच्या बाजूले होती."

"होती. तरी आले ना?"

तिच्याशी मी उभा जन्म भांडलो. पण त्यानंतरच्या प्रत्येक पटाला, झेंडी पडण्यापूर्वी मी छकड्यावरून उतरून टोकापर्यंत चालत गेलो आणि कोणती वाट आपली, ते तिला स्वतः दाखवून आलो.