कोपराखालचा टॉवेल

कोरीन आर्चुलेता मला फारशी माहीत नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. आमची ओळख एका उन्हाळ्यापुरती, तीही कॉलेजातल्या शरीराच्या मॉडेलांच्या खोलीच्या खिडकीतून. मी आत, ती बाहेर. ती ओळखपत्र पुढे सरकवायची, मी हाडांचा डबा नाहीतर प्लॅस्टिकचं हृदय पुढे सरकवायचो. तिचं लग्न का मोडलं, चर्चमध्ये ती कुठल्या बाकावर बसायची, एकटी असताना काय गुणगुणायची, यातलं मला काही सांगता येणार नाही. पुढचं जे आहे ते थोडं तिनेच बोलताबोलता सांगितलेलं, थोडं नॅडीनकडून कळलेलं आणि थोडं माझ्यासमोर घडलेलं.

कोरीन चिमायो गावाच्या वाटेवरच्या एका वस्तीत वाढली. तिचे वडील पाटाचे मुकादम होते. वसंतात प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन पाट साफ करायला यायचा, आणि कुणाच्या रानाला पाणी कधी सोडायचं हे मुकादम सांगायचे. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून पाण्याची दारं धरायला, म्हणजे ती उघडून-मिटून पाणी वळवायला, कोरीन जायची. शाळा संपल्यावर ती वृद्धांच्या आश्रमात मदतनीस म्हणून लागली आणि चाळिशी जवळ आली तरी तिथेच होती. म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, कूस बदलून द्यायची, भरवायचं, कपडे चढवायचे. औषधाला मात्र हात लावायचा नाही, ते नर्सचं काम.

तिथे डॉन आमादेओ नावाचे एक गृहस्थ होते. एका दुपारी ते दुखण्याने तळमळत होते. गोळी समोरच्या कपाटात होती आणि नर्स दुसऱ्या इमारतीत अडकली होती. कोरीन त्यांचा हात धरून बसली. नर्स येईपर्यंत तिच्या मनगटावर त्यांच्या नखांचे वण उठले होते.

"त्या दिवशी ठरवलं," ती मला म्हणाली, "नुसता हात धरून बसायचं नाही."

नर्सिंगच्या अर्जाआधी शरीरशास्त्राचे दोन भाग पार करावे लागतात. पहिला तिने निभावला. दुसऱ्याच्या वेळी आईचं खुब्याचं हाड मोडलं, घर आणि आश्रम यांत अभ्यास वाहून गेला आणि तिला 'सी' मिळाला. 'बी'च्या खाली नर्सिंगवाले अर्ज बघतसुद्धा नाहीत, आणि आमच्या कॉलेजात एक विषय दोनदाच घेता येतो. म्हणजे हा उन्हाळा गेला की सगळंच गेलं.

उन्हाळ्यातला वर्ग म्हणजे चार महिन्यांचं जेवण दोन महिन्यांत गिळायचं. सोमवारी हृदय, बुधवारी रक्तवाहिन्या, लगेच परीक्षा. एखाद्याला ताप आला तर तो बरा होईपर्यंत वर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचलेला असतो. कोरीन सकाळी वर्गात बसायची, दुपारपासून आश्रमात ड्यूटी करायची. मधल्या वेळात माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर डबा उघडायची. बीन्स, मिरचीचा रस्सा, फडक्यात गुंडाळलेल्या तोर्तियाच्या पोळ्या. एका हातात घास, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकचं हृदय.

"काका, हे झडपांचं डोक्यात राहत नाही," ती एकदा म्हणाली. मीही तिच्याच बाजूच्या गावचा, हे कळल्यापासून ती मला काका म्हणायची.

"अगं, तू दारं धरलीयस ना?"

"धरलीयत की."

"मग झडप म्हणजे तसंच दार, फक्त एकाच बाजूला उघडणारं. पाणी मागे फिरलं की आपोआप मिटतं. झालं."

ती चावायची थांबली. मग पुस्तकाच्या कडेला तिने थोरला पाट, पोटपाट, रानं आणि नदीकडे परत जाणारा चर असं चित्र काढायला घेतलं. त्या दिवसानंतर ती रक्ताला पाणीच म्हणायला लागली.

शेजारी नॅडीन सिस्नेरोस बसलेली असायची. पंचविशीची, औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करणारी, जिभेला धार. तिलाही नर्सिंगलाच जायचं होतं. जागा मोजक्या आणि अर्ज ढीगभर, त्यामुळे वर्गात सगळेच एकमेकांकडे जरा तिरक्या नजरेने बघायचे.

"आजी, शेती नंतर कर," नॅडीन म्हणायची. "परीक्षेत पाट विचारणार नाहीत."

"तुला काय करायचंय? तू तुझं बघ."

"माझं मी बघितलंय. तुझंच बघून मला झोप येतेय."

पहिली लेखी परीक्षा कोरीनला जड गेली. बाईंनी, म्हणजे मिस ओस्टरमननी, तिला स्पष्ट सांगितलं की आता 'बी' हवा असेल तर प्रात्यक्षिकात 'ए' पाहिजे आणि शेवटचा पेपरही उत्तम गेला पाहिजे. कोरीनने मान हलवली. त्या दिवसापासून डबा बाकावर उघडायचा थांबला. ती चालताचालता खायची.

आमच्याकडच्या प्रात्यक्षिकाची रीत अशी. बाई दार लावून घेऊन स्वतः टेबलं मांडतात. प्रत्येक टेबलावर एक मॉडेल, त्यात चिठ्ठी लावलेली टाचणी. टाचणी जिथे टोचली आहे त्याचं नाव लिहायचं. मिनिटभराने घंटा वाजते, सगळ्यांनी एकदम पुढच्या टेबलाकडे सरकायचं. मागे फिरायचं नाही, बोलायचं नाही, आणि कशालाही हात लावायचा नाही. हात लागला तर त्या परीक्षेची श्रेणी एक अक्षर खाली. हे बाई सुरुवातीलाच मोठ्याने वाचून दाखवतात. घंटा वाजवायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे माझी नजर घड्याळावर असायची, टेबलांवर नाही.

कोरीनचं सुरुवातीपासून छान चाललं होतं. मेंदूकडे जाणारी धमनी, यकृताची शीर, हृदयाचा डावा कप्पा, पेन कुठे अडलं नाही. मग ती रबरी हाताच्या टेबलाशी आली. हे मॉडेल आमच्याकडे फार वर्षांपासून होतं. दंडापासून बोटांपर्यंतचा अख्खा हात, एका बाजूने कातडी काढलेला, आतल्या नळ्या दिसणारा. पूर्वी लाल आणि निळ्या असलेल्या त्या नळ्या पोरांचे हात लागून लागून सारख्याच मळकट झाल्या होत्या. टाचणी दंडाच्या धमनीत होती. कोरीनने बघितलं, लिहिलं. मिनिटातला थोडा वेळ उरला होता.

तेवढ्यात तिला दिसलं की हात टेबलाच्या कडेवरून लोंबतोय. कोपर अधांतरी, मनगट खाली मुडपलेलं.

इतकी वर्षं आश्रमात काढलेल्या बाईला असा हात बघवत नाही. तिला कुणी सांगावं लागत नाही, ती विचारही करत नाही. कोरीनने एका हाताने मनगट उचललं, टेबलावरच पडलेला टॉवेल दुसऱ्या हाताने दुमडला आणि कोपराखाली सारला. हात सरळ झाला. टाचणी मात्र निसटून टेबलावर पडली.

तिने ती उचलून परत टोचली. घंटा वाजली.

पुढच्या टेबलावर मूत्रपिंड होतं. कोरीन त्याच्याकडे बघत होती आणि तिला काही दिसत नव्हतं. टाचणी कुठे टोचली आपण? धमनीत, की तिला खेटून असलेल्या शिरेत? ती मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून मागे बघू लागली. हाताच्या टेबलाशी आता नॅडीन उभी होती. तिने झटकन काहीतरी लिहिलं. मग थांबली. वाकली. पुन्हा बघितलं आणि लिहिलेलं खोडलं.

कोरीनला कळलं. शिरेतच.

कुणी पाहिलं नव्हतं. आपण गप्प बसलो तर नॅडीनचं उत्तर चुकेल, तिच्या मागच्यांचंही चुकेल आणि का ते कुणाला कधी कळणार नाही. आपलं उत्तर तर आधीच बरोबर लिहून झालंय. बोललो तर अक्षर खाली, म्हणजे 'बी', आणि 'ए'शिवाय गाडं पुढे जाणं कठीण. आई घरी खुर्चीत बसून जपमाळ ओढत असेल. मूत्रपिंडाची ओळ कोरीच राहिली.

मी घंटेकडे हात नेला तेव्हा तिचा हात वर गेलेला दिसला.

"प्रश्न नंतर," बाई म्हणाल्या.

"प्रश्न नाहीये. तिथली टाचणी हलली आहे. माझ्याकडून."

बाईंनी मला घड्याळ थांबवायची खूण केली, चालत हाताच्या टेबलाशी गेल्या आणि चष्मा खाली ओढून बघितलं.

"हात का लावलास?"

"लोंबत होता."

"लोंबत होता म्हणजे?"

"कोपराला आधार नव्हता," कोरीन म्हणाली.

मागून कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी टाचणी काढली, जागेवर टोचली, नॅडीनला तिथेच नव्याने मिनिट दिलं आणि मला म्हणाल्या, "चालू करा." टॉवेल त्यांनी काढला नाही.

उरलेली टेबलं कोरीनने कशी पार केली ते तिलाही नंतर आठवत नव्हतं. परीक्षेनंतर बाईंनी तिला दाराशी थांबवलं. मी घंटा कपाटात ठेवत होतो, त्यामुळे ऐकू आलं.

"बाकीचं चांगलं लिहिलं आहेस. 'ए' झाला असता."

"हो."

"नियम सगळ्यांसमोर वाचला होता मी. तुझ्यासाठी बदलता येणार नाही."

"मी बदला असं म्हटलंच नाही, मॅडम."

"मग आता सगळं शेवटच्या पेपरवर," बाई म्हणाल्या. "त्यात फार थोड्या चुका परवडतील तुला."

कोरीन बाहेर येऊन बाकावर बसली. डबा उघडला नाही. नॅडीन आली आणि तिच्यासमोर उभी राहिली.

"तुला अक्कल आहे का गं?"

"नाहीये बहुतेक."

"मी बरोबर लिहिलं होतं आधी. मग टाचणी बघून खोडलं. घरी जाऊन डोकं फोडून घेतलं असतं मी."

"मग झालं की. नाही फोडावं लागलं."

"मला कुणाचे उपकार ठेवायची सवय नाही, आजी. सरक तिकडे. मूत्रपिंड उघड. ते तू कोरं ठेवलंस, मी बघितलंय."

पेपरला आठवडा होता. तो आठवडाभर दोघी माझ्या खिडकीसमोर होत्या. नॅडीन विचारायची, कोरीन सांगायची. चुकलं की नॅडीन पुस्तक मिटायची आणि म्हणायची, "पाणी कुठून आलं? मुळापासून सांग." म्हणजे पाटांची भाषा आता तीही बोलायला लागली होती. पेपरच्या आदल्या दिवशी आश्रमातून फोन आला की एकजण आजारी आहे, जादा ड्यूटीला ये. इतक्या वर्षांत कोरीनने अशा फोनला कधी नाही म्हटलं नव्हतं. नॅडीन तिच्याकडे टक लावून बघत होती.

"नाही जमणार," कोरीन म्हणाली. फोन ठेवून तिने पुस्तक पुन्हा पुढे ओढलं.

पेपरनंतर निकाल कॉम्प्युटरवर लागेपर्यंत ती आलीच नाही. मी खिडकी उघडी ठेवून बसायचो. तिला द्यायचं तिचं ओळखपत्र माझ्या खणात होतं, कारण हाडांचा डबा तिने घरी नेला होता. ते कार्ड दिसलं की मी खण लगेच मिटायचो. विचारायला फोन करावा असंही वाटलं, पण माझ्याकडे तिचा नंबर नव्हता, आणि असता तरी माझ्याच्याने झाला नसता.

अर्जाची मुदत संपायच्या सकाळी ती आली. रस्त्यावर कुणीतरी हिरव्या मिरच्या भाजायला लावल्या होत्या, तो वास तिच्याबरोबर आत आला. तिने हाडांचा डबा खिडकीत ठेवला. मी एकेक हाड काढून बघू लागलो. तिच्याकडे बघायचं मला धाडस होत नव्हतं.

"विचारा की, काका."

"काय लागलं?"

"बी. काठावरचा. पण बीच."

"अर्ज?"

"आत्ताच देऊन आले. नॅडीनचाही गेला."

पुढे त्या दोघींना नर्सिंगला जागा मिळाल्याचं नॅडीननेच एकदा दुकानात मला सांगितलं. कोरीनची ड्यूटी आणि तिचे नवे वर्ग यांत ती आमच्या इमारतीकडे पुन्हा फिरकली नाही, आणि वर्षभराने मीही काम सोडलं. त्या सकाळी हे काही आम्हाला माहीत नव्हतं. हाडं मोजून पुरी भरली. मी तिचं ओळखपत्र खणातून काढून तिच्यासमोर सरकवलं. ती ते पर्समध्ये ठेवून निघाली, दारापर्यंत गेली, आणि मग मला आठवलं.

"पोरी, तो रबरी हात आता कपाटात ठेवायचाय. खालचा टॉवेल काढू का?"

"राहू द्या, काका," ती म्हणाली. "काढलात की परत लोंबेल."