औषध कोणासाठी हवंय?

खोकला लपवता येत नाही. बाकी सगळं मी लपवलं होतं.

भातकापणी आटपली होती. सकाळी दव, दिवसभर गवताची धूळ, त्यामुळे वाडीत घरटी एक जण तरी खोकत होता. माझ्या खोकल्याचं कोणाला नवल नव्हतं. नवल होतं ते मी औषध घेत नव्हते त्याचं. मला तिसरा महिना लागला होता आणि ते फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. तो बोटीवर, फोन लागला तर लागला. कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच खेपेला बजावलं होतं, मला विचारल्याशिवाय गोळी नाही आणि झाडपाल्याचा काढाही नाही. आणि खोकला सुरू झाल्यावर विचारायला फोन केला, तर बाई पंधरा दिवस मुंबईला गेलेल्या. तोवर मनाने काही घेऊ नका, असं सांगून तिथल्या नर्सने फोन ठेवला.

घरात सांगून का टाकलं नाहीस, असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. दोनदा सांगितलं होतं. दोन्हीदा चार दिवसांत वाडीभर झालं आणि दोन्हीदा पोट रिकामं झालं. मग बायका यायच्या, पडवीत बसून चहा प्यायच्या आणि हळूच विचारायच्या, पपई खाल्लंस काय गो? भरलेली कळशी उचललंस काय? जशी काही मी चोरीच केली होती. दुसऱ्या वेळी तर सासूबाईंनी अंथरूण धरलं. मी उठून कामाला लागले तरी त्या उठेनात. त्यांना पेज करून मीच भरवली. म्हणून या खेपेला ठरवलं होतं, पोट दिसेपर्यंत तोंड शिवून टाकायचं.

पण खोकला म्हटल्यावर गावात सगळेच वैद्य. शेजारच्या काकी मिरी घातलेलं कुर्ल्यांचं कढत सार घेऊन आल्या. चुलतसासऱ्यांनी काजूची दारू छातीला चोळ म्हणून सांगितलं, वर उरली तर पोटात घे म्हणाले. आणि सासूबाईंचा अडुळसा. तो आमच्या कुंपणालाच आहे. सकाळी पानं खुडायची, मिरी आणि खडीसाखर घालून उकळायची, की पेला माझ्यासमोर हजर. पाल्याचा तर आसा, पाल्यान कोण मेलो, असं वर म्हणायच्या. मी पेला घेऊन मागीलदारी जायची आणि अळवाच्या मुळाशी ओतून यायची. मला काही गुण येत नव्हता, अळवाला मात्र बाळसं आलं.

हसतेय आता, तेव्हा हसू येत नव्हतं. उबळ आली की मी दोन्ही हातांनी ओटीपोट धरायची. दर उबळीला वाटायचं, आता गेलं. औषध घेतलं तर भीती, नाही घेतलं तर भीती, आणि त्यातलं एक अक्षर कोणाला सांगायची सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. घरातून पळून जावं असं वाटायचं, पण जाणार कुठे? पोट तर बरोबरच येणार.

शेवटी म्हटलं, मेडिकलवाल्याला विचारू. आमच्या जवळच्या कट्टा बाजारातला मेडिकलवाला सासऱ्यांच्या भजनातला. त्याला असलं काही विचारायचं म्हणजे देवळात जाऊन घंटाच बडवायची. मग बँकेचं निमित्त काढलं आणि एसटीने कसाल गाठलं. तिथे मला कोण ओळखतंय?

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. पोटात बाळ आहे, चालेल असं खोकल्याचं काहीतरी द्या, हे वाक्य मी गाडीत घोकून ठेवलं होतं. खोकल्याचं औषध एवढंच म्हणून झालं आणि मागून हाक आली, वयनी, तू हय खंय? बघते तर शेजारच्या काकींची लेक. तिला कसालातच दिलीय, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.

हायवेवरून ट्रक जात होते, म्हणून काउंटरवरची मुलगी मोठ्याने विचारत होती. औषध कोणासाठी हवंय? बीपी आहे? शुगर? गरोदर आहात का? बिचारी जे विचारायला हवं तेच विचारत होती. काकींची लेक माझ्या खांद्याशी उभी होती.

"नाही," मी म्हटलं.

तिने लगेच बाटली काढून दिली. घेतल्यावर झोप येईल, असंही सांगितलं.

मी घरी पोचायच्या आधी फोन पोचला होता. सासूबाई पडवीत बसलेल्या. रागावल्या असत्या तर बरं, त्या दुखावल्या होत्या. कट्ट्यावर मेडिकल नव्हतं का, माझ्या काढ्यात काय विष होतं, बाटलीच हवी होती तर मी नाही का आणून दिली असती, असं सगळं हळू आवाजात बोलल्या. अळवातला अडुळशाचा वास त्यांना केव्हाच आला होता. मग त्यांनी माझ्या पिशवीतून बाटली काढली, सील फोडलं आणि टोपण काठोकाठ भरलं.

"घे. आता तर तुझ्या मनाचा आसा."

टोपण माझ्या ओठांपाशी आलं. मागे भिंत, पुढे त्या. नको म्हणायला कारणच उरलं नव्हतं, औषध मीच विकत आणलं होतं. तेवढ्यात उबळ आली आणि माझे दोन्ही हात सवयीने ओटीपोटावर गेले.

सासूबाई माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

"कितवो?"

"तिसरो."

मला वाटलं होतं, कळल्यावर रडतील, नाहीतर लगेच देवापुढे नारळ ठेवतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. टोपणातलं औषध त्यांच्या मनगटावरून ओघळत होतं. त्या खाली बसल्या आणि टोपण बाटलीला लावायला लागल्या, पण आटे काही जुळेनात. मी बाटली घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी दिली नाही.

"माका कित्याक कळूक दिलंस गो?" त्या म्हणाल्या. "आता माका झोप येवची नाय."