बंद दाराआडचं गाऱ्हाणं

मालवणजवळच्या मसुऱ्याहून इंग्लंडला निघालो तेव्हा आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, अर्धी वाडी जमली होती. मी आणि माझा नवरा गाडीत बसलो तरी सल्ले संपेनात. आईनं कुळथाच्या पिठाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "थंय पोटभर जेव गो, लाजू नको." इंग्लंडात लाजून उपाशी राहिलं तरी विचारणारं कोणी नसतं, हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही.

आता मी लीड्सच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. इंग्रजांच्या पोरांना इंग्रजी शिकवायचं म्हणजे मालवणच्या बंदरावर मासळी विकायला नेण्यासारखंच, पण चाललंय. यंदा व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक छोटी कादंबरी होती. लंडनमधला नावाजलेला डॉक्टर, त्याचं एक लाजिरवाणं गुपित. ते लपवता लपवता तो स्वतःलाच कोंडून घेतो. मित्र खिडकीखाली येतात, फिरायला चल म्हणतात. तो दोन शब्द बोलतो आणि खिडकी लावून घेतो. शेवटी सगळं सांगतो, पण कागदावर, आपल्यामागे कोणीतरी वाचावं म्हणून.

एका मुलीनं विचारलं, मित्र होते तर त्यानं सांगितलं का नाही? मी अब्रू, समाज, तो काळ असं बरंच बोलले, पण तो प्रश्न मलाच विचारल्यासारखा वाटला. माझा नवरा हिवाळ्याआधीच वेगळा राहायला गेला होता आणि घरी कोणालाच ठाऊक नव्हतं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी 'तो बाहेर गेलाय' म्हणायचे, 'मजेत आहोत' म्हणायचे आणि फोन ठेवायचे. तुमच्यापैकी जे बाहेर गेलात, त्यांना हे 'मजेत' चांगलंच ओळखीचं असेल.

त्या रविवारी आईनं विचारलं, "जावय दिसणत नाय ते, खंय गेले?"

"आये, तो हंय ऱ्हवणा नाय. मी एकटीच आसंय."

आता रडारड होणार, लोक काय म्हणतील ते निघणार, असं मला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "इतके दिवस एकट्यान कित्याक सोसलंस गो?" मग रडले ती मीच.

बाबांनी फोन खळ्यात नेला, तुळशीपुढे नारळ ठेवला आणि काकांना, शेजारच्या वहिनीला हाका मारल्या. ही गोष्ट चार माणसांत कशाला, म्हणून मी घाबरले. बाबा म्हणाले, "गाऱ्हाणा एकट्यान घालूचा नसता. व्हय म्हणाक माणसा लागतत." आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालायचं, काही मागायचं ते असंच; एकानं मोठ्यानं मागायचं, बाकीच्यांनी साथ द्यायची.

बाबांनी सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आमच्या चेडवान परमुलखात जां काय एकट्यान सोसल्यान, तां तुझ्या कानार घातलंय. तिका बळ दी, तिची वाट सोपी कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे एकदम म्हणाले. वहिनीचा आवाज सर्वांत मोठा.

मला त्या डॉक्टरची दया आली. त्यानंही बिचाऱ्यानं गाऱ्हाणंच घातलं होतं, पण दार लावून.

मसुऱ्याला कायमची परत जाईन की नाही, सांगता येत नाही. तिथली माझी खोली आता आंब्याच्या पेट्यांनी भरलीय, असं आई सांगते. पण माझं दुःख जिथे मोठ्यानं बोललं गेलं, ते माझं घर, इतकं मला कळतं.

"तू पण व्हय म्हण गो," बाबा म्हणाले आणि त्यांनी गाऱ्हाणं पुन्हा घातलं.

फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत, शेजाऱ्याला ऐकू जाईल, असा विचार मनात येऊन गेला. तरी मी उभी राहिले, हात जोडले आणि त्या सगळ्यांच्या आवाजात माझा आवाज मिसळला.