सात मिलिमीटर

आमच्याकडे मिलिमीटर हा शब्द एकाच कामाला लागतो, पाऊस मोजायला. श्रावणात जव्हारच्या एसटी स्टँडवर दोन माणसं भेटली की एक म्हणतो, काल दीडशे झाला. दुसरा लगेच म्हणतो, आमच्या मोखाड्याला दोनशे. शंभराच्या खालच्या आकड्याला कोणी मान देत नाही. तीन मिलिमीटर म्हणजे तर पाऊसच नव्हे, तेवढ्याला भातलावणीतली बाई इरलंसुद्धा डोक्यावर घेत नाही. हे आधी सांगते, कारण मी समुद्रात बुडी मारताना कोणत्या जाडीचा पोशाख घालावा हे ठरवायला जी मंडळी बसली, त्यांची आणि मिलिमीटरची ओळख एवढीच होती.

झालं असं की जव्हारातल्या एका कार्यालयाने डोंगरातल्या चार मुलींना मालवणला पाठवून स्कुबा डायव्हिंग शिकवायचं ठरवलं. पर्यटकांचा हात धरून त्यांना समुद्राखाली नेऊन आणणाऱ्या गाईड तयार करायच्या होत्या. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणते. ती त्यांना सुचली कशी, याचं नवल मात्र अजून गेलेलं नाही. बारावी झालेली आणि पोहता येणारी मुलगी पाहिजे, असं सांगत दोघेजण पोशेरा गावाच्या पलीकडे आमच्या पाड्यावर आले. मला पोहता येतं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा आईला हसू आवरेना. आमच्या लोकांकडे जमीन कधीच नव्हती, नदी तेवढी होती. बाप डोहात बुडी मारून कपारीतले मासे हाताने काढतो. मी आधी चालायला शिकले की पोहायला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

मला हे काम हवं होतं. इतकं हवं होतं की ते उघड बोलायचीही भीती वाटायची. दर वर्षी दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक पाड्यावर येतो आणि आई आणि मी वीटभट्टीवर जातो, ते पाऊस तोंडावर येईपर्यंत. बापाचा गुडघा गेलेला, म्हणून तो गावीच राहतो आणि डोहावर पोट भरतो. मालवणची परीक्षा दिवाळीच्या आत होती. पास झाले तर तिथल्याच एका डायव्हिंग सेंटरवर नोकरी, नापास झाले तर ट्रक. मधलं काही नव्हतं.

पोशाखांच्या खरेदीची बैठक झाली तेव्हा मला लाभार्थी म्हणून बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला, बोलायची पाळी दिली नाही. टेबलावर एक रंगीत माहितीपत्रक होतं आणि त्यात वेटसूटच्या जाड्या लिहिल्या होत्या, तीन, पाच आणि सात मिलिमीटर. तीनच्या पुढे 'गरम पाण्यासाठी' असं छापलं होतं. ते वाचून एक मॅडम म्हणाल्या, "गरम पाण्याची सोय मालवणवाल्यांनी करायची आहे, आपल्या योजनेत ती बसत नाही." कोणी हसलं नाही. मी इकडेतिकडे पाहिलं आणि चहात बघत बसले.

मग पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवण्यात ज्यांची निम्मी नोकरी गेली, ते भाऊसाहेब पुढे सरकले. "साहेब, तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. तेवढ्याने आपल्याकडे रस्ता भिजत नाही."

साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. "आणि तिथे तर समुद्र आहे. पाणी किती असेल! सातच्या वर आहे का काही?"

"नाही साहेब."

"मग सात घ्या. मुलींच्या बाबतीत तडजोड नको."

मी हात वर केला. मला एवढंच विचारायचं होतं की मालवणचं पाणी किती गार असतं. साहेब मायेने म्हणाले, "ताई, घाबरू नका. तुमच्याच सुरक्षेसाठी आहे सगळं." सुरक्षा हा शब्द आला की पुढे बोलणारा उद्धट ठरतो. मी हात खाली घेतला आणि यासाठी मला त्यांच्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो.

पोशाख आले. नोंदवहीत वेटसूटचं मराठी 'ओला पोशाख' असं केलेलं होतं आणि माल तर कोरडा आला होता. भांडारातल्या काकांनी सही घेताना मला हळूच विचारलं, "भिजवून द्यायचा असतो का गं?" त्या अख्ख्या इमारतीत प्रश्न विचारायची लाज न वाटलेला तो एकच माणूस. सही केली की पोशाख कायमचा लाभार्थीच्या ताब्यात, असा नियम होता.

घरी आणून तो भिंतीला टेकवला तर आत माणूस असल्यासारखा उभाच राहिला. बापाने त्याची बाही चिमटीत धरली, दाबली, सोडली. दाबलेली जागा फुगून वर आली. आम्ही घरात बोलतो ती भाषा शाळेच्या मराठीहून वेगळी आहे, म्हणून त्याचं बोलणं थोडं मराठीत ओढूनच लिहिते. तो म्हणाला, "यात वारा भरलाय. हे बुडायचं नाय. जाड घातलंस तर धोंडा पण मोठा लागंल."

बाप डोहात उतरताना पोटाशी धोंडा धरतो. धोंडा तळाला नेतो, तिथे तो सोडायचा आणि कपारीत हात घालायचा. मी बारावी पास. मी त्याला म्हटलं, "बाबा, हे इंपोर्टेड आहे." आणि हसले. साहेबांना नावं ठेवताना हे हसणं मला आठवतं, म्हणून आवाज जरा खाली आणते.

मालवणला आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी पोशाख पाहिला आणि कपाळावर हात मारला. "ह्यां कोणी दिल्यान तुका?" मग जरा सावरून त्यांनी मराठीत समजावलं. इथलं पाणी कोमट, तीन मिलिमीटर पुरे. सात घालतात ते जिथे पाण्यात हात घातला की बोटं बधिर होतात तिथे. या कापडात हवेचे बारीक फुगे असतात, त्यांनी ऊब राहते आणि तेच माणसाला वर ढकलतात. जितकं जाड, तितकं जास्त शिसं कमरेला बांधावं लागतं. म्हणजे बापाने एका चिमटीत जे सांगितलं होतं तेच, फक्त फळ्यावर आकृती काढून.

पण योजनेचा नियम होता की पुरवलेलं साहित्यच वापरायचं आणि रोज ते घातल्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. ऑक्टोबरचं ऊन, होडीवर सावली नाही, आणि आम्ही चौघी मानेपासून घोट्यापर्यंत रबरात. पाण्यात उतरायच्या आधीच माझं डोकं गरगरायचं. उडी मारली की मी बुचासारखी तरंगायचे. सर एकेक शिशाचा ठोकळा कमरेला वाढवत गेले, तेव्हा कुठे डोकं पाण्याखाली गेलं. थोडं खोल गेल्यावर पाण्याच्या दाबाने तेच फुगे चेपायचे आणि मी थेट खाली जायचे. वर येताना फुगे पुन्हा फुलायचे आणि मला खेचून वर काढायचे. परीक्षेत पाण्याच्या मधोमध स्थिर राहून दाखवायचं असतं, तळाला न टेकता आणि वर न येता. मी दोन्ही केलं, एकाच मिनिटात.

जी डोहात वाढली तिला समुद्र घेईना. त्या संध्याकाळी मी जेवले नाही. आईचा फोन आला, मुकादम तारीख सांगून गेला होता.

सरांनी कार्यालयाला कळवलं की पोशाख फार जाड आहे, तो बदलायची परवानगी द्या. उत्तरादाखल ग्रुपवर आधी एक अंगठा आला. मग साहेबांचा संदेश आला, 'आत्मविश्वास वाढवावा. पोशाखाची चेन नीट बंद असल्याची खात्री करावी.'

चेन बंदच होती.

दुसरी आणि शेवटची संधी तीन दिवसांनी होती. सकाळी सरांनी आमचा जाड पोशाखातला फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि मग त्यांच्या बायकोचा जुना सूट माझ्या हातात दिला. तीन मिलिमीटर, गुडघ्याला ठिगळ, रंग उडून करडा झालेला. "फोटो झालो, आता कामाला लागूया," म्हणाले. कमरेला दोनच ठोकळे बांधले. मी पाण्यात गेले, श्वास सोडला आणि खाली गेले, जशी घरच्या डोहात जाते तशी. मग थांबले. वर होडीचं बूड, खाली वाळू, मध्ये मी. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. मास्कच्या आत मला रडू येत होतं आणि मास्कमध्ये रडलं की काच धुरकट होते हे मला तेव्हा कळलं. सरांनी समोरून बोटांची गोल खूण केली. पास.

निकालानंतर साहेब स्वतः जीप घेऊन मालवणला आले. फोटोसाठी मला पुन्हा सात मिलिमीटर चढवला. भर दुपारी धक्क्यावर वीस मिनिटं उभं केलं, कारण साहेबांबरोबरचे पाहुणे जेवत होते. तो फोटो पुढे जव्हारला चौकात फ्लेक्सवर लागला. त्यात माझा चेहरा लालबुंद आहे. लोक म्हणतात काय तेज आलंय. खाली लिहिलं होतं, योग्य साधनांमुळे शक्य झालेली भरारी. बुडीला भरारी म्हणायला ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार.

त्या वर्षी ट्रक आला तेव्हा माझ्या पगाराच्या भरवशावर आईनेही बसायला नकार दिला. आता सकाळी पर्यटकांना सूट मीच काढून देते. किती वेळ पाण्यात राहणार आणि थंडी लवकर वाजते का, एवढं विचारते. चार बुड्या मारल्या तर कोमट समुद्रातही माझे दात वाजतात, हे मी शिकले. पाणी कोमट असलं तरी अंगातली ऊब हळूहळू काढून घेतंच. काहीजण विचारतात, याहून जाड नाही का? मी नकाराची मान हलवते. मला जव्हारची आठवण येते.

पौषात सुट्टी घेऊन घरी गेले तेव्हा मालवणहून परत पाठवलेला माझा सात मिलिमीटर भांड्यांच्या फळीमागे पडला होता. कार्यालयाच्या कागदावर तो 'समुद्रात वापरात' होता. बाप डोहावर निघाला होता. आमच्याकडची पौषातली नदी म्हणजे पाय घातला तर पायाची नडगी दुखते. मी तो त्याच्या पुढ्यात टाकला. उंचीने मी त्याच्यावरच गेले आहे आणि तो आता माझ्याइतकाच बारीक राहिलाय. कुरकुर करत त्याने तो घातला आणि काठावरचा नेहमीच्या मापाचा धोंडा सोडून दुप्पट मोठा उचलला. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "बोललो होतो."

एरवी तो पाच-सहा बुड्या मारून बाहेर यायचा. त्या दिवशी मी काठावर बसून मोजायचं सोडून दिलं. आई दोनदा येऊन बघून गेली. शेवटी तो वर आला तेव्हा टोपली भरली होती आणि त्याचे ओठ काळे पडले नव्हते, हात थरथरत नव्हते. तो दगडावर बसला आणि टोपली जवळ ओढली.

"इतकी वरसं मला वाटायचं, डोहातले मासे संपतात," तो म्हणाला. "मासे नव्हते गं संपत. मला थंडी वाजायची."